खालसा झालेल्या पोलेसिये प्रांतात आईस परत पाठविण्याबाबत

अर्जदार: योहान एलिया भिंगारदिवे
मु. खडकजांब, ता. पाथर्डी, जि. अहमदनगर
दिनांक ११ जून १९७३ (मुदतीचा शेवटचा दिवस)

प्रति,
मा. विशेष चौकशी अधिकारी साहेब,
परकीय व्यक्ती शाखा,
मुक्काम नगर.

विषय: माझी आई अनास्तासिया ऊर्फ नस्तुबाई एलिया भिंगारदिवे हिला देशाबाहेर जाण्याचा दिलेला आदेश रद्द होणेबाबत, रद्द होत नसल्यास कोणत्या गाडीत बसवावे ते कळविणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या शाखेचा आदेश, पोलीस पाटलांमार्फत गेल्या महिन्यात मिळालेला.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. दोन्हींची पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करतो की,

१. आपल्या आदेशात लिहिले आहे की, "सदर बाईचा मूळ रहिवास पोलेसिये प्रांत, देश पोलंड, असा दिसून येतो. सबब तिने तीस दिवसांच्या आत मूळ रहिवासाच्या प्रशासनाकडील राष्ट्रीयत्वाचा दाखला सादर करावा, अन्यथा मूळ रहिवासाच्या ठिकाणी परत जावे." आदेशाची भाषा स्वच्छ आहे, शिक्का गोल आहे, खाली सही आहे. त्यात एकच अडचण आहे. पोलेसिये नावाचा प्रांत पृथ्वीवर नाही. चौतीस वर्षे झाली, तो खालसा झाला. त्याचे प्रशासन नाही, कचेरी नाही, दाखल्यावर सही करील असा कारकूनही जिवंत असल्याचे ऐकिवात नाही.

२. प्रकरण कसे सुरू झाले ते सांगतो. माझे वडील कै. एलिया हे या मार्चमध्ये विहीर खोल करताना दरड अंगावर येऊन वारले. विहिरीला पाणी लागले नाही. त्यानंतर जमिनीवर वारसाची नोंद करण्यासाठी तलाठी भाऊसाहेब घरी आले. त्यांनी सर्वांना विचारतात तसे आईला विचारले, "बाई, तुमी मूळच्या कुठल्या?" आई चुलीपाशी होती. ती मागे न बघता म्हणाली, "इथलीच." भाऊसाहेबांनी तिच्या निळ्या डोळ्यांकडे पाहिले, पिकलेल्या पण मूळच्या पिवळ्या केसांकडे पाहिले, पुन्हा विचारले. पुन्हा उत्तर तेच. मग त्यांनी आमच्या पेटीतले जुन्या कॅम्पचे ओळखपत्र बघायला मागितले, त्यावरून पोलेसिये हा शब्द उतरवून घेतला आणि शेरा मारला: "बाई खोटी माहिती देते." तिथून कागद वर गेला, वरून आणखी वर गेला, आणि आदेश होऊन खाली आला.

३. आई खोटे बोललेली नाही, हे सिद्ध करण्यासाठी मला त्या प्रांताचा इतिहास सांगणे भाग आहे. तो लांब आहे. पण आपण तिला तिकडे पाठवीत आहात, त्यामुळे निदान एकदा तो कचेरीत वाचला जावा अशी विनंती आहे. यातला काही भाग आईने सांगितलेला आहे, काही नगरच्या कॉलेजातल्या एका जाड पुस्तकात मिळाला.

४. पोलेसिये हा दलदलीचा मुलूख. पाथर्डी तालुक्यातील माणसास हे समजावणे अवघड आहे, मी बावीस वर्षे समजावून घेतो आहे. तिथे जमिनीवर पाणी नसते, पाण्यावर कुठे कुठे जमीन असते. गवत कापून होडीतून घरी आणतात. नवरी होडीतून येते, मढे होडीतून जाते. आईचे गाव ओसोवा, तालुका पिन्स्क. तिथली माणसे पिढ्यान् पिढ्या पाण्यात अडकून पडलेली, म्हणून कोणते राज्य आले आणि कोणते गेले हे त्यांना सहसा उशिरा कळे. आईची आजी त्याच झोपडीत जन्मली आणि त्याच झोपडीत वारली. मधल्या काळात तिच्यावर झारचे राज्य झाले, जर्मनांचे झाले, लाल सैन्याचे झाले, पोलंडचे झाले, पुन्हा लाल सैन्याचे आणि पुन्हा पोलंडचे. म्हातारीने एकही सरहद्द ओलांडली नाही. सरहद्दीच तिला ओलांडून गेल्या.

५. एकोणीसशे एकवीस साली पोलंड सरकारने हा प्रांत रीतसर स्थापन केला आणि पिन्स्क हे मुख्य ठाणे ठरवले. त्याच साली पिन्स्क जळाले. तेव्हा कचेरी उचलून दूर ब्रेस्तला नेली. म्हणजे प्रांताची सुरुवातच अशी झाली की अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला राख दिसली. पुढे खानेसुमारी आली. अंमलदार होड्यांतून हिंडले. "तुम्ही कोण?" असे विचारले की लोक म्हणत, "इथले." "भाषा कोणती?" "इथलीच." "म्हणजे पोलिश, रशियन, काय ते सांगा." "इथं बोलतात ती." यात उर्मटपणा नव्हता, त्यांना दुसरे उत्तरच माहीत नव्हते. अखेर अंमलदार थकले आणि त्या सरकारने छापील पुस्तकात एक वेगळा रकानाच केला, "इथले". त्या रकान्यात सात लाखांवर माणसे निघाली. अर्ध्याहून जास्त प्रांत! एवढ्या माणसांना खोटारडे ठरवण्याचे धाडस त्या सरकारला झाले नाही. आमच्या भाऊसाहेबांना झाले.

६. आई त्या रकान्यातली आहे, साहेब. तिला "कुठली" म्हटले की "इथली" हेच शिकवलेले आहे. जिथे चूल, तिथली. माझ्या बावीस वर्षांत तिने दुसरे उत्तर दिलेले मी ऐकले नाही.

७. एकोणचाळीस साली रशियाने तो मुलूख घेतला आणि प्रांत मोडून वेगवेगळ्या जिल्ह्यांत वाटून टाकला. आईचे वडील पोलंड सरकारच्या जंगलखात्यात गार्ड होते. खाकी कोट, बिल्ला आणि दुसऱ्याची झाडे राखणे, एवढाच त्यांचा गुन्हा. पुढच्या फेब्रुवारीत शिपाई दारात आले आणि सामान बांधायला अर्धा तास दिला. त्या अर्ध्या तासात आजोबा बिल्ला शोधत बसले, कारण तो परत करावा लागेल असे त्यांना वाटले. म्हणून कुऱ्हाड राहिली, पीठ राहिले, गोधड्या राहिल्या. मालगाडीतून त्यांना उत्तरेच्या जंगलात लाकूडतोडीला नेले. तिथे पहिल्याच हिवाळ्यात मामा वारला, तो सहा वर्षांचा होता. जमीन गोठलेली असल्याने त्याला पुरायला वसंतापर्यंत थांबावे लागले. आजोबा त्याच्या मागोमाग गेले.

८. पुढे जर्मनांनी रशियावर चाल केली आणि पोलंडच्या कैद्यांची सुटका झाली, तेव्हा आई आणि आजी, म्हणजे आईची आई, दक्षिणेकडे निघाल्या. ताश्कंदच्या अलीकडे कुठल्याशा स्टेशनावर आजी भांडे घेऊन पाणी आणायला उतरली. गाडी सुटली. आई झोपलेली होती, त्यामुळे स्टेशनाचे नाव तिने वाचले नाही. आपल्या शाखेला कुटुंबातील अन्य व्यक्तीचा जबाब हवा असल्यास त्या स्टेशनावर चौकशी करावी लागेल. पाण्यात जन्मलेली बाई पाण्यापायी हरवली. आई नेहमी इथपर्यंतच सांगते, म्हणून मीही हा परिच्छेद इथेच संपवतो.

९. इराणातून कराची, कराचीतून कोल्हापूरजवळचे वळिवडे. तिथे पोलिश लोकांचा कॅम्प होता, आणि कॅम्पच्या दवाखान्यात आमचे वडील कंपाउंडर होते. आईला हिवताप झाला होता. वडील तिला रोज कडू औषध देत. ती पीत नसे, म्हणून ते आधी स्वतः पिऊन दाखवत. लग्न ठरेपर्यंत वडिलांनी इतके क्विनाइन घेतले की त्यांना कायमचे कमी ऐकू येऊ लागले. विहिरीत दरड सुटली तेव्हा वरून सगळे ओरडत होते.

१०. आता दाखल्याविषयी. आईचा जन्म ज्या प्रांतात झाला तो खालसा. तिला पास दिला त्या पोलंड सरकारचा मुक्काम तेव्हा लंडनमध्ये होता, आणि लढाई संपल्यावर जगाने त्याला ओळखणे सोडून दिले. ती राहिली ते कोल्हापूर संस्थान विलीन झाले. ती लग्न करून आली तेव्हाचा मुंबई इलाखा गेला, त्यानंतरचे मुंबई राज्यही साठ साली संपले. आईने ज्या ज्या राज्याचे मीठ खाल्ले ते ते बुडाले. तिचा यात हात नाही, तशी चौकशी व्हायला हरकत नाही. परंतु तिला दुसऱ्या देशात पाठवण्यापूर्वी त्या देशास ही माहिती कळवणे शेजारधर्म ठरेल.

११. तरीही मी प्रयत्नात कसूर केलेली नाही. वळिवड्याला स्वतः जाऊन आलो. कॅम्पच्या बराकींच्या जागी आता सिंधी मंडळींची कापडाची दुकाने आहेत. एका दुकानदाराने आस्थेने बसवून घेतले आणि सांगितले की, दाखला मिळणार नाही, टेरिकॉट मिळेल. दिल्लीत पोलंडच्या आणि रशियाच्या, अशा दोन वकिलातींना पत्रे लिहिली. एकीने कळवले की, तो मुलूख आता आमच्याकडे नाही, दुसरीकडे विचारावे. दुसरीने काहीच कळवले नाही, पण माझ्या नावावर ट्रॅक्टरांचे रंगीत फोटो असलेले गुळगुळीत मासिक आले. गावात कोणाकडे ट्रॅक्टर नाही. लोक ते बघायला येतात.

१२. नगरच्या एका वकीलसाहेबांनी फुकट सांगितले की, घटना लागू होण्याआधी पाच वर्षे जो या देशात घर करून राहिला तो इथलाच नागरिक, आणि आई तर त्रेचाळीसपासून आहे. हे मी आपल्या शाखेत सांगितले. तेथील कारकुनांनी मान्य केले आणि त्रेचाळीस सालचा कोल्हापूर संस्थानचा दाखला आणावा असे सुचवले. संस्थान कुठे आहे असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "ते आम्ही कसं सांगणार, अर्जदार तुम्ही आहात."

१३. साहेब, आमच्या गावच्या ओढ्यापलीकडे अठ्ठेचाळीसपर्यंत निजामाचे राज्य होते. आमच्या शेजारच्या दगडाबाईंचा जन्म पलीकडचा, म्हणजे तोही खालसा मुलूख. त्यांना कोणी निजामाचा दाखला मागत नाही. तालुक्यातली निम्मी माणसे दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि कारखाने बंद झाले की परत येतात, त्यांनाही कोणी विचारत नाही की तुम्ही आहात कुठले. एकट्या माझ्या आईने असा कोणता गुन्हा केला आहे की ओढ्यापलीकडचे चालते आणि समुद्रापलीकडचे चालत नाही?

१४. ती इथली आहे की नाही याबद्दल गावकऱ्यांचे जबाब सोबत जोडले आहेत. त्यांपैकी लंकाबाई यांचा जबाब बोलीत आहे, तो मी सुधारलेला नाही: "नस्तुबाई माज्या दोन बाळंतपनाला हुती. आता ती गोरी हाय त्याला आमी काय करनार? दुष्काळी कामावर जेवनाच्या सुट्टीत आमी म्हनतो, सांग गं तुज्या गावच्या पान्याचं. मग ती सांगती, घराखाली पानी, दारात पानी, होडीत म्हस. आमी म्हनतो, लई फेकती. येवढं पानी हुतं तर कोन सोडून येईल? पर ऐकून बरं वाटतंय. घसा वाईच ओला होतो. तिला धाडली तर सुट्टीत आमी काय खडी बघत बसू?" यावर त्यांचा अंगठा आहे.

१५. आदेश आल्यापासून मुकादम रंगनाथ आईला पाझर तलावाच्या कामावर घेत नाहीत. म्हणतात, "मावशी, माझा काही राग नाही, पण हा परराष्ट्र धोरणाचा विषय आहे." दोन्ही सरकारांचे काय ठरते ते बघून ते तिच्या हातात टोपले देणार आहेत. पोलंडला आमचा पाझर तलाव माहीत आहे की नाही, हे मला ठाऊक नाही.

१६. इथपर्यंतचे सगळे मी सोसले असते. परंतु आदेश आला त्या दिवसापासून घरात जे चालले आहे ते लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. पोलीस पाटील भिमाजी यांनी आदेश वाचून दाखवला. आईने एवढेच विचारले, "किती वेळ?" पाटील म्हणाले, "घाबरू नगा नस्तुबाई, तीस दिस हायेत." आई उठली आणि अर्ध्या तासात सगळे बांधून दारात येऊन बसली. आधी कुऱ्हाड घेतली. मग बाजरीचे पीठ, मीठ, गोधड्या, तवा, सुई-दोरा. दोन लुगडी एकावर एक नेसली आणि वर वडिलांचा गरम कोट घातला. मे महिना होता. पाटील तिथेच उभे होते, त्यांना काय करावे कळेना, म्हणून ते बोचके बांधायला दोरी धरू लागले.

१७. मी म्हणालो, "आई, अजून तीस दिवस आहेत." ती म्हणाली, "कागदावर काय बी असतंय बाबा. दारात गाडी आली की अर्धाच तास असतो." मग माझ्याकडे दुसरे बोचके सरकवून म्हणाली, "तुजं बी बांधलंय." मी समजावले की आदेशात माझे नाव नाही, मी भारतीय आहे, मला जाता येणार नाही. त्यावर ती पहिल्यांदा घाबरली. तिला वाटले होते की नेतात तर सगळ्यांना नेतात. निदान तेवढी तरी रीत पाळतात.

१८. त्या दिवसापासून कोट उतरलेला नाही. ती रात्री दारातच बोचक्याला टेकून झोपते. कोंबड्या लंकाबाईंना देऊन टाकल्या, लंकाबाई रोज अंडी आणून देतात आणि आई ती उकडून वाटेसाठी बांधून ठेवते. सगळी नासली आहेत. ती टाकू देत नाही. एस.टी. गावात आली की उभी राहते, गेली की बसते. पाणी मागत नाही आणि दिले तर अर्धे भांडे ठेवते. टँकर आला तेव्हा मी हंडा घेऊन निघालो, तर तिने माझा सदरा धरला. हंडा घेऊन कोणीही गाडीकडे जायचे नाही, असा आता घरात नियम आहे. त्यामुळे आमच्याकडे पाणी लंकाबाई भरतात.

१९. सबब विनंती अशी की:

(अ) आदेश रद्द करावा आणि आईस या देशाची नागरिक समजून वारसाची नोंद करण्यास सांगावे.

(ब) ते नियमात बसत नसल्यास, ज्या प्रांतात पाठवायचे तो प्रांत आधी स्थापन व्हावा, यासाठी संबंधित सरकारांशी पत्रव्यवहार करावा. आम्ही तोपर्यंत थांबू.

(क) तेही शक्य नसल्यास आदेशात माझे नाव घालावे. माझ्याविरुद्ध काही नसल्यास काय लिहावे लागेल ते सांगावे, मी तसे करून येतो.

२०. आज मुदत संपत आहे. आदेशाचा अवमान होऊ नये म्हणून आईला सोबत आणले आहे. सकाळी एस.टी. गावात आली, ती उठली, बोचके डोक्यावर घेतले आणि चढली. कंडक्टरने "मावशी, कुठलं तिकीट?" असे विचारले, त्याचे उत्तर तिने माझ्याकडे पाहून मला द्यायला लावले. मी नगर म्हणालो. आणखी पुढचे मला ठाऊक नव्हते.

ती या घटकेला आपल्या कचेरीच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी आहे. बाक रिकामा आहे, पण सांगितल्याशिवाय ती बसणार नाही. हा अर्ज देण्याआधी मी आवक टेबलावरच्या कारकुनांना विचारले की, आईची पोच मिळेल का, म्हणजे कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणाच्या ताब्यात दिली, एवढे लिहून. ते म्हणाले, पोच कागदाची मिळते. म्हणून तिला या अर्जाला जोडले आहे.

साहेब, यातले काही मंजूर होवो अगर न होवो, एक गोष्ट हाताखालच्या माणसाला न सांगता आपण स्वतः करावी. बाहेर यावे आणि तिला कोट काढायला सांगावे. माझे ती ऐकत नाही. सरकारचे ऐकते. आजवर जितकी सरकारे आली, त्या सर्वांचे तिने ऐकले आहे.

आपल्या दारात थांबलेला,
नम्र अर्जदार
(सही) योहान एलिया भिंगारदिवे

सोबत:
१) आदेशाची प्रत.
२) आधीच्या दोन अर्जांच्या पोचपावत्या.
३) कॅम्पचे ओळखपत्र, नक्कल.
४) गावकऱ्यांचे जबाब, अंगठ्यांसह.
५) आई. मूळ प्रत. नक्कल उपलब्ध नाही, कृपया सांभाळून ठेवावी.